झाड लावायला बोलावता, ठरवायलाही बोलवा

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापक सरांना आणि बाईंना,



5 जूनला आपल्या शाळांत काय चालतं ते आपण सगळे जाणतोच. शाळा बंद असते. उन्हाळ्याची सुट्टी संपायला दहाएक दिवस बाकी असतात, विदर्भात त्याहूनही जास्त. तरी आदल्या संध्याकाळी गटावर निरोप येऊन पडतो: उद्या जागतिक पर्यावरण दिन, वृक्षारोपण करून फोटो दुपारपर्यंत पाठवावेत. मग शाळेजवळ राहणाऱ्या चार-पाच मुलांना फोन जातात. शिपाईमामा तापलेल्या जमिनीत कसाबसा वीतभर खड्डा खणतात. ‘पर्यावरण वाचवा’ असं लिहिलेला फ्लेक्स मागे बांधला जातो, आणि तो फ्लेक्स स्वतः प्लॅस्टिकचा असतो याकडे कुणी बघत नाही. पाहुणे रोपाला हात लावतात, मुलं पाहुण्यांच्या मागे उभी राहतात, फोटो निघतो. कोकणात एखाद दुसरी सर येऊन गेली असेल तर ठीक. मराठवाड्यात त्या दिवशी रोप लावणं म्हणजे त्याला उन्हात उभं करणं. संयुक्त राष्ट्रांनी 1972 साली हा दिवस ठरवला तो काही आपल्या मृगाचं वेळापत्रक बघून नव्हे. ज्यानं दहावीच्या वर्गात मान्सून शिकवलाय त्याला हे सांगावं लागू नये. तरी दरवर्षी तेच घडतं, कारण फोटोची मुदत पावसाच्या आधी संपते.

मी आयुष्यभर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, आणि आसपासच्या विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं, तेवढ्यापुरता शाळांशी संबंध उरला आहे. तक्रार करण्याआधी एक कबूल करते, तुमच्या टेबलावर काय काय साचलेलं असतं याची मला कल्पना आहे. यू-डायस भरायचंय, सरलमध्ये दुरुस्ती आहे, दोन शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेलेत, शिपायाची जागा रिक्त आहे, वेतनेतर अनुदान कधी येईल सांगता येत नाही. त्यात हरित सेना, माझी वसुंधरा, इको क्लब, आईच्या नावे एक झाड, प्रत्येकाचा वेगळा अहवाल. तुम्ही फोटो पाठवून सुटका करून घेता याचा मला राग येत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या सगळ्या धावपळीत मुलांचं काम काय, तर खड्डा खणणं, फलक धरणं, घोषणा देणं, टाळ्या वाजवणं. शाळेचं पाणी, वीज, कचरा, झाडं यांबद्दल काही ठरवायची वेळ आली की त्या खोलीत मूल नसतं. या पत्रात मला एवढंच म्हणायचंय.

हा विषय शाळेत आला तो कुणाच्या लहरीनं आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण शिकवलं जावं असं बजावलं. बारा वर्षांनी, 2003 मध्ये, न्यायालयाला पुन्हा कान धरावे लागले, तेव्हा 2004 साली एनसीईआरटीनं पहिली ते बारावीचा आराखडा केला. आपल्याकडे तो श्रेणीचा विषय झाला. पुढं नववी-दहावीला जलसुरक्षेचं पुस्तक आलं, तेही श्रेणीलाच. श्रेणी म्हटलं की वेळापत्रकातली ती तासिका कुणाची होते हे मी शिक्षकखोलीत बसून पाहिलंय. सहामाहीनंतर ती गणिताची होते. गणितवाल्यांना दोष देत नाही. बोर्डाच्या निकालाची टक्केवारी संस्थाचालक तुम्हालाच विचारतात, जलसुरक्षेची श्रेणी कुणी विचारत नाही.

बरं, तासिका राहिली तरी तिच्यात काय होतं? प्रदर्शनात मी जे पाहते ते सांगते. थर्माकोलची पवनचक्की. थर्माकोलचं धरण. थर्माकोलच्या पत्र्यावर हिरवा रंग फासून केलेलं ‘आदर्श गाव’. राज्यात 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावटही आली होती, पण प्रदर्शनाच्या मांडवात तो नियम शिरत नाही. एकदा एका मुलीनं जलशुद्धीकरणाचं सुबक प्रतिरूप केलं होतं, वाळू, कोळसा, खडी, सगळं जागच्या जागी. पाठ केलेलं ती न अडखळता बोलली. मी विचारलं, ‘तुमच्या शाळेत पाणी कुठून येतं?’ ती म्हणाली, ‘टाकीतून.’ ‘आणि टाकीत?’ तिनं सरांकडे पाहिलं. सर मोबाइलवर फोटो काढत होते.

त्याच मांडवाच्या कोपऱ्यात नववीतली दोन मुलं एक वही घेऊन उभी होती. प्रतिरूप नाही, चार्ट नाही. वहीत पट्टीनं रकाने आखले होते: नळ क्रमांक, जागा, एक लिटरची बाटली भरायला लागलेला वेळ, शेरा. शाळेतल्या गळक्या नळांखाली बाटली धरून त्यांनी घड्याळ लावलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहातले नळ वर्गातल्या एका मुलीनं मोजून दिले होते, तशी नोंद होती. एका नळाची बाटली बारा मिनिटांत भरली. म्हणजे तासाला पाच लिटर, दिवसाला एकशेवीस लिटर, एका नळातून, रात्रीसुद्धा आणि रविवारीसुद्धा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वायसर गेला.’ आणि त्याखाली दुसऱ्या शाईनं, ‘सरांना सांगितले. सर म्हणाले बघू.’ माझ्या सहपरीक्षकांनी त्या वहीला गुण कापले, प्रतिरूप नाही म्हणून. मी हुज्जत घातली, उपयोग झाला नाही.

महोदय, त्या दोन मुलांनी केलं ते पर्यावरण शिक्षण, आणि त्यातला शेवटचा शेरा तुमच्यासाठी आहे. ‘बघू’ या शब्दाशी येऊन त्यांचं शिक्षण थांबलं. वायसर काही रुपयांत मिळतो. तो बसवून त्यांनी पुन्हा बाटली धरली असती, वहीत नवा रकाना आखला असता, तर त्यांना आयुष्यभर पुरेल असं काही कळलं असतं: मोजलं, सांगितलं, बदल झाला. आता त्यांना कळलं ते उलटं.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. शाळेची कागदपत्रं मुलांसमोर ठेवा. विजेचं बिल तुमच्या कपाटात असतं. दहावीच्या विज्ञान भाग एकमध्ये विद्युतधारेच्या परिणामांचा धडा असतो. दोन्हींमध्ये फक्त एक भिंत आहे. वर्गातला जुना पंखा 75 वॅटचा. चार पंखे सहा तास फिरले की 1.8 युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला 28 वॅट लागतात, तेच काम 0.7 युनिटच्या आतबाहेर होतं. ही गणितं मुलं परीक्षेत करतात, पण ‘एका घरात पाच दिवे आहेत’ अशा कुणाच्या तरी काल्पनिक घराची करतात. त्यांना शाळेच्या मीटरपाशी न्या. सुट्टीच्या दिवशी मीटर किती पळतो हे त्यांना शोधू द्या. काय सापडेल कुणास ठाऊक. बंद खोलीतला एखादा पाण्याचा कूलर अख्खी दिवाळी चालू होता असंही निघेल.

पाण्याचंही तेच. छताचं क्षेत्रफळ काढायला सातवीचं गणित पुरतं. समजा छत चारशे चौरस मीटरचं आहे. पंचवीस मिलिमीटरची एक दमदार सर झाली तर त्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं. काही उडून, काही गळून जाईल. आठ हजार धरा. जवळजवळ एक टँकर. एका सरीत. ते पन्हळीतून मैदानात उतरतं, दगडमातीसकट गटारात जातं, आणि एप्रिलमध्ये तुम्ही ग्रामपंचायतीकडे टँकरसाठी अर्ज करता. आपला महाराष्ट्र बहुतेक काळ्या कातळावर वसलेला आहे. हा बेसाल्ट पाणी धरून ठेवण्यात कंजूष. त्याच्या भेगांमध्ये जे मुरेल तेवढंच विहिरीला. हे भूगोलाच्या पुस्तकात आहे, पण शाळेच्या आवारातलं पाणी मुरतं की वाहतं हे बघायला कुणी मुलांना पहिल्या पावसात बाहेर सोडत नाही. आपण खिडक्या बंद करायला सांगतो.

साधा पर्जन्यमापक ठेवायला खर्च नाही. हवामान खातं पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं. शाळेतही त्याच वेळी घेता येते. महसूल मंडळाच्या केंद्रावर नोंदलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असं नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला घरी ऐकून ठाऊक असतं. शाळेच्या वहीत पाच वर्षांच्या नोंदी जमल्या तर गावाला त्यांचा उपयोग होईल. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली, ती पाहायला लोक लांबून येतात. ताळेबंद मांडायला आकडे लागतात, आणि आकडे रोज, न कंटाळता गोळा करायला शाळेपेक्षा चांगली जागा गावात कोणती? पण मुलांची वही वर्षाअखेरी रद्दीत गेली तर यातलं काहीच व्हायचं नाही. ती शाळेचं दप्तर म्हणून जपा, हजेरीपटासारखी.

आता झाडांकडे येते. 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार, 2018 ला तेरा, 2019 ला तेहेतीस कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं आपल्या राज्यानं ठेवली. त्यांचा हिशोब तपासायला 2021 मध्ये विधिमंडळाच्या समितीची घोषणा झाली. त्या राजकारणात मला पडायचं नाही. मी एवढंच विचारते की तुमच्या शाळेनं त्या वर्षांत लावलेली झाडं आज कुठं आहेत? किती जगली? कोणत्या जातीची होती? नोंद असेल तर ती खड्ड्यांची असेल. जगलेल्या झाडांची वही माझ्या पाहण्यात नाही. तशी वही मुलांना ठेवू द्या आणि मेलेल्या रोपाची नोंद केली म्हणून त्यांना रागावू नका. रोप का मेलं हे शोधणं लावण्यापेक्षा जास्त शिकवतं: बकरी आली, कुंपण नव्हतं, मे महिन्यात पाणी घालायला कुणी नव्हतं, की पिशवी न काढताच पुरलं होतं. शेवटचं कारण फार आढळतं.

आणि कोणती झाडं लावायची हेही मुलांना विचारा. रोपवाटिकेतून जे आलं ते लावायचं, ही आपली रीत. म्हणून शाळेच्या कुंपणाला मादागास्करचा गुलमोहर, बांधाला मेक्सिकोकडचं गिरिपुष्प. सावली पडते, फुलं छान दिसतात, माझं गुलमोहराशी वैर नाही. पण दसऱ्याला आपट्याची पानं म्हणून कांचनाची पानं वाटणारी मुलं ज्या शाळेत आहेत तिथं एक तरी खरा आपटा हवा, एक करंज हवा, जांभूळ हवं, उंबर तर हवाच, पक्ष्यांसाठी. मग त्यांच्याकडे दर आठवड्याला बघायला शिकवा. केरळात ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात शेकडो शाळांतली मुलं आठवड्याला एकच ठरलेलं झाड बघतात: पालवी किती, कळ्या किती, फुलं, फळं. एवढंच. या नोंदींवरून ऋतू सरकताहेत का, याचा अभ्यास अभ्यासक करू पाहतात. आपल्याकडे पळस-पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, पिंपळाला त्याच सुमारास तांबूस पालवी येते, आंब्याला मोहोर त्याच्याही आधी. हे सगळे शाळा चालू असण्याचे दिवस आहेत. वर्गाच्या खिडकीतून दिसतं. बहावा तेवढा सुट्टीत फुलतो, त्याला इलाज नाही.

एका अवघड गोष्टीबद्दल लिहायचं टाळणार होते, पण लिहिते. श्रमदानाच्या दिवशी झाडू कुणाच्या हातात असतो आणि कुदळ कुणाच्या? झाडू मुलींच्या, कुदळ मुलांच्या. स्वच्छतागृह धुवायची वेळ आली की कोणत्या मुलांची नावं सहज तोंडात येतात, तेही एकदा तपासून बघा. मी यापुढं काही म्हणत नाही. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून मैदानातला कचरा वेचायला लावणं तर सर्रास. ज्या कामाचा आपण 2 ऑक्टोबरला सन्मान करतो तेच 3 तारखेला शिक्षा म्हणून देतो, आणि मुलं मूर्ख नसतात. शिवाय वेचलेल्या कचऱ्याचं पुढं होतं काय? शाळा सुटल्यावर इमारतीमागे काडी लावली जाते. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवायचा आणि कचरा जाळायचा नाही, असं 2016 च्या घनकचरा नियमांनीच बजावलं होतं. मुलं त्यावर निबंध लिहितात आणि घरी जाताना तो धूर हुंगतात. ज्या शाळांत पाचवी ते आठवी आहे तिथं पोषण आहाराची खिचडी शिजते, शेकडो ताटं धुतली जातात. ते पाणी परसबागेत वळवायला एक चर पुरतो. तो कुठून काढायचा हे मुलांना ठरवू द्या. चुकला तर दुसरा काढतील.

मुलांना खरं काम देता येतं का, असं कुणी विचारलं तर मी पाबळचं नाव घेते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. मूलभूत तंत्रज्ञानाचा त्यांचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे विभाग, आणि गावाला लागणाऱ्या सेवा मुलांनी मोबदला घेऊन द्यायच्या. मोबदला घेतला की काम चोख करावं लागतं, गिऱ्हाईक परत पाठवतं. हे राज्य मंडळाच्या चौकटीत बसवून दाखवलेलं आहे. तेव्हा ‘बोर्डाचा अभ्यासक्रम आडवा येतो’ हे मला सांगू नका.

तुमच्याच मराठीच्या बाईंकडे एक हत्यार पडून आहे. दहावीला उपयोजित लेखनात पत्र असतं. वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी करणारं पत्र तर विद्यार्थी झोपेतही लिहील: प्रति, मा. व्यवस्थापक, अमुक रोपवाटिका, विषय, महोदय. वर्षानुवर्षं लाखो मुलांनी हे पत्र लिहिलं, आणि त्यातलं एकही टपालात पडलं नाही. यंदा टाका. खरी रोपवाटिका, खरा पत्ता, आपल्याला हव्या त्या जातींची यादी. दुसरं पत्र ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला, शाळेसमोरच्या उघड्या गटाराबद्दल. तिसरं तुम्हाला, गळक्या नळाबद्दल. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेची झाडं रात्रीत तोडली गेली तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं ते जनहित याचिका म्हणून घेतलं आणि तोडणी थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती, हेही खरं. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या पत्राला दिलेला मान आपल्या शाळेचं कार्यालय देणार आहे की नाही? आवक-जावक वहीत नववी ‘ब’च्या पत्राला क्रमांक पडू द्या. आणि उत्तर लेखी द्या, नकार असला तरी. पैसे नाहीत असं लिहिलंत तर मुलं ते समजून घेतात, ‘बघू’ म्हटलेलं मात्र विसरत नाहीत.

याच्यापुढची मागणी तुम्हाला जड जाईल. शाळेच्या व्यवस्थापनाच्या बैठकीत सत्राला एकदा दोन विद्यार्थी बसवा, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि त्यांना वहीतले आकडे वाचू द्या. पाच मिनिटं लागतील. संस्थाचालकांना आवडणार नाही, कारण आकडे त्यांच्याच विहिरीचे, त्यांच्याच बांधकामाचे आणि त्यांनी पार्किंगसाठी तोडलेल्या चिंचेचे असतील. मुलांनी चिंचेबद्दल विचारलं तर त्यांना गप्प बसवू नका, एवढी हिंमत मी तुमच्याकडून मागते. मुलांनी जगभर हवामानाबद्दल आवाज उठवला की आपण भाषणात त्यांचं कौतुक करतो. आपल्या आवारात उठवला की पालकांना बोलावणं जातं.

वरिष्ठ कार्यालयातून फोटो मागितले जातात, ते पाठवावे लागतील हे मला कळतं. पाठवा. त्या नळाच्या वहीचा फोटो पाठवा, रकाने आखलेल्या पानाचा. कुणी हरकत घेतली तर मला कळवा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका

ता. क. ज्यांच्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे त्यांच्यासाठी: अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा 50 गुणांचा सक्तीचा विषय आहे, आणि त्याचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, नाव तेवढं आपलं घालायचं. तपासणाऱ्या प्राध्यापकांना एकदा बसवून सांगा की आपल्या गल्लीतल्या बोअरवर लिहिलेली चार पानं, अशुद्ध असली तरी, त्या चाळीस पानांपेक्षा जास्त गुणांची आहेत. दुकानदाराचं थोडं नुकसान होईल.